अगंबाई, तुमच्याकडेही जर्मन?

काही लपवून ठेवण्यात अर्थ नाही. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत सगळ्यांना कळलंय. चांगल्या घरातली, वेळेवर जेवणारी पोरं संध्याकाळी सातनंतर खोलीचं दार लावून घेतात, कानात ती बोंडं खुपसतात आणि घशातून खरखर काढत बसतात. घरच्यांना आधी वाटलं, प्रेमप्रकरण असावं. तसं असतं तर परवडलं असतं हो, निदान आडनाव तरी विचारता आलं असतं. पण नाही. पोरं जर्मन शिकतायत!

आणि एखाददुसरं पोर नव्हे. इंजिनीअरिंगवाला शिकतोय, नर्सिंगवाली शिकतेय, बी.कॉम.वाला 'असावं काहीतरी हातात' म्हणून शिकतोय. घाटकोपरच्या एका आईने तर लेकीला क्लासला सोडता सोडता स्वतःचंच नाव घातलं म्हणे. आता दोघी स्वयंपाकघरात जर्मनमध्ये भांडतात आणि आजोबांना मध्ये पडता येत नाही. लोक काय म्हणतील, याची कुणाला चाडच उरलेली नाही.

विचारपूस करायची रीतसुद्धा बदलली. पूर्वी लिफ्टमध्ये 'किती टक्के पडले?' विचारलं की काम भागायचं. आता विचारतात, 'लेव्हल कुठली?' परवा एक काकू मोठ्या तोऱ्यात म्हणाल्या, "मुलीचं ए-वन झालं, आता बी-टूच्या मागे लागलीय." ऐकणारीला वाटलं, एक फ्लॅट घेतला, दुसऱ्याची बोलणी चाललीत. जळफळाट झाला तो झालाच. मग कुणीतरी समजावलं की या लेव्हली काउन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये ठरवल्या. ए-वन ते सी-टू, एकूण सहा पायऱ्या. 'ए'वाला रस्ता विचारतो, 'बी'वाला आपलं आपण निभावतो, 'सी'वाला तिथल्या लोकांशी वाद घालतो. युरोपात या देशातून त्या देशात जाणाऱ्यांची भाषा एका मापाने मोजता यावी, एवढाच त्यांचा साधा हेतू. त्या मापाने अंधेरीत स्थळं बघितली जातील, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक?

स्थळांचं म्हणते ते उगीच नाही. जर्मनीत राहणाऱ्या मुलाशी लग्न करून तिकडे जायचं, तर बायकोला सहसा ए-वनचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. नियम आजचा नाही, २००७ पासूनचा आहे. नवऱ्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा खास परवाना, असेल तर मात्र सूट. आणि ए-वन पास व्हायला शंभरात साठ लागतात. म्हणजे पत्रिकेत छत्तीसच्या छत्तीस गुण जुळले, तरी वरचे साठ मिळवल्याशिवाय संसार सुरू होत नाही. 'मुलगा जर्मनीत असतो' म्हटल्यावर मुलीची आई आता गोत्र विचारत नाही. हळूच विचारते, "ब्लू कार्डवाला का साधा?"

बरं, त्या परीक्षेत काय करायला लावतात माहितेय? परीक्षार्थींना चौघाचौघांच्या गटाने बसवतात आणि हातात एक कार्ड देतात. त्यावर सात गोष्टी: नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, व्यवसाय, छंद. प्रत्येकाने त्यावरून स्वतःबद्दल बोलायचं. मग परीक्षक म्हणतो, स्पेलिंग सांगा. झालं! घाटकोपरची मुलगी सुरू करते: गे-हा-आ-टे-का-ओ-पे-आ-एर. ऐकणाऱ्याला वाटावं, हिला ठसका लागला. बोरिवलीकरांच्या नशिबी मधोमध एक 'फाऊ' येतो. त्यामानाने मुलुंडकर सुखी, एम-उ-एल-उ-एन-डे म्हणून मोकळे. मग एखादा आकडा, बहुधा फोन नंबर, तोही सांगायचा. आणि त्या परीक्षेची तारीख मिळवणं म्हणजे गणपतीत कोकण रेल्वेचं आरक्षण: खिडकी उघडली म्हणेपर्यंत बंद झालेली असते.

आकड्यांवरून आठवलं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'तेवीस'ऐवजी 'वीस तीन' असंही म्हणा, असं आलं. तेव्हा केवढा गहजब! मराठी बुडाली, संस्कृती गेली. विषय विधिमंडळात पोचला, मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'वरून कोट्या झाल्या. इंग्रजीत आणि दक्षिणेतल्या भाषांत आधी दहाचा आकडा म्हणतात, मुलांना ते सोपं जातं, हा पुस्तकवाल्यांचा मुद्दा कुणी ऐकून घेतला नाही. आता गंमत बघा. जर्मन माणूस आपल्यासारखाच उलटा, तोही 'तीन-आणि-वीस' म्हणतो. इंग्रजी माध्यमात शिकलेली, 'तेवीस म्हणजे ट्वेंटी थ्री ना, मम्मा?' असं विचारणारी पोरं जर्मन क्लासमध्ये याच उलट्या आकड्यांशी झटापट करतात. ज्यांच्या घरी मराठी पाढे म्हटले जात होते ती हसत पुढे जातात. तो-ती-ते या तीन लिंगांचंही तेच. इंग्रजीत वाढलेल्याला घाम फुटतो, मराठीत वाढलेल्याला निदान प्रकार तरी ओळखीचा वाटतो. घरात मराठी नको म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

पण हे लोण पसरवलं कुणी? चौकशी केली तर कळलं, खुद्द सरकारच फितूर आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. सुरुवातीचा आकडा दहा हजारांचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने कुशल भारतीयांना वर्षाला द्यायचे व्हिसा वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. तिकडे म्हातारी माणसं वाढली, काम करणारे हात कमी पडले. इकडे हात भरपूर आणि काम कमी. बाडेन-वुर्टेमबर्गची राजधानी स्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईची बहीण-शहर आहे. म्हणजे नात्याने मावशीच लागली की! पण मावशी हिशेबाची पक्की. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही म्हणून आपली पोरं तिकडे धावतात, आणि नेमक्या याच राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो मोजावे लागतात. शिवाय विद्यार्थ्याला व्हिसा हवा तर वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवून दाखवायचे. हा आकडा २०२४ च्या सप्टेंबरपासूनचा. मावशी 'ये' म्हणते, पण जेवणाचे पैसे आधी घेते.

जपानीचा प्रकार आणखी वेगळा. तिथे सगळंच उलट, एन-फाइव्ह सगळ्यात खालचं आणि एन-वन सगळ्यात वरचं. त्यामुळे 'एन-फाइव्ह झालं' म्हटलं की अडाणी नातेवाईक भारावून जातात, आणि हुशार मुलं त्यांना तसंच भारावलेलं ठेवतात. जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जेएलपीटी परीक्षा होते. आणि कुणाला सांगू नका, त्या परीक्षेत बोलायचं नसतंच! सगळे पर्याय दिलेले, आपण गोळे रंगवायचे. एन-थ्री झालेला मुलगा कंपनीत जपानी पाहुणे आले की पाणी आणायला जातो आणि ते गेल्यावरच परत येतो. एरवी जपानी वाक्य मराठी माणसाला परकं नाही. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, मानाप्रमाणे बोलण्याची तऱ्हा वेगळी. २०२१ च्या जानेवारीत भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांचा करार झाला, त्यात वृद्धांची शुश्रूषा हेही एक काम आहे. म्हणून आता स्वतःच्या आजीच्या गोळ्यांची वेळ ठाऊक नसलेला नातू योकोहामाच्या आजीसाठी रात्री बारापर्यंत कांजी अक्षरं घोटतो. आजी म्हणते, "मी जपानला गेले असते तर बरं झालं असतं."

आणि कोरियन? ते तर बोलायची सोय नाही. अंधेरीपासून वर्सोव्यापर्यंत मुलींनी मालिका बघून बघून ती आत्मसात करत आणलीय. २०२१ मध्ये 'स्क्विड गेम' आलं आणि मुलगेही घसरले. यांना व्हिसा नको, नोकरी नको, खालची अक्षरं न वाचता नायकाचं रडणं कळावं एवढीच इच्छा. जाणत्या माणसांच्या मते हा वाया जाण्याचा प्रकार आहे. पण सरकारची इथेही फूस. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकवायच्या परदेशी भाषांची उदाहरणं दिलीत, त्यात कोरियन चक्क पहिली आहे. २०१९ च्या मसुद्यात असलेली चिनी मात्र गुपचूप गळाली. चिनी शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनी तेव्हापासून हा विषय काढणं सोडलंय.

आता खरी आतली बातमी सांगते, जवळ या. कालिनाला, मुंबई विद्यापीठाच्या विद्यानगरीत, जर्मन, फ्रेंच आणि रशियनचे स्वतंत्र विभाग आहेत. कुर्ल्याला उतरा, पश्चिमेला रिक्षा पकडा, की आलंच. प्रमाणपत्रापासून एम.ए.पर्यंत सगळं तिथे आहे. आणि तिथे म्हणे अजूनही काही मुलं व्हिसाशिवाय जर्मन शिकतात! नोकरीचं पत्र नाही, तिकडे स्थळ नाही, आणि बसून कादंबऱ्या वाचतात. नाटकावर चर्चा करतात. एखादीला विचारलं, "याचा उपयोग काय?" तर म्हणते, "आवडतं." ऐकवत नाही हो! आईबापांनी काय बघायचं?

कॉलेजातही वेगळी तऱ्हा नाही. बारावीला फ्रेंच घेतात ते मार्क चांगले पडतात म्हणून. निकाल लागला की फ्रेंच आणि मुलगा एकमेकांना ओळखत नाहीत. क्लासमधल्या जर्मनचीही तीच गत, बी-टूचं प्रमाणपत्र व्हिसाच्या फायलीत गेलं की पुस्तकं रद्दीत. शिकवणाऱ्या बाई वर्षानुवर्षं हे बघतात. त्यातल्या बऱ्याचजणी स्वतः या भाषेच्या प्रेमात पडून शिकल्या, आणि आता दिवसभर 'नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण' वदवून घेतात.

मागच्यांनी काय केलं ते ऐका आणि मग बोला. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. माणसांच्या कवट्या मोजून प्रबंध लिहिला, १९३० मध्ये डॉक्टरेट घेतली. त्यांचा प्राध्यापक वंशश्रेष्ठत्व मानणारा होता, कवट्यांनी आपलं म्हणणं सिद्ध करावं अशी त्याची अपेक्षा. बाईंच्या मोजमापांतून ते निघालं नाही, आणि तसं त्यांनी मांडलं. गुरूच्या देशात जाऊन गुरूशी असहमत व्हायचं, ही कुठली लेव्हल म्हणायची? आणि उलट्या दिशेचं उदाहरण हवं तर फादर स्टीफन्स. हा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचं मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं. ना क्लास, ना स्लॉट, ना साठ टक्क्यांची अट. आपल्याकडे येऊन आपल्याच ओवीत पुराण रचून गेला आणि आपण 'बी-वन जरा अवघड जातंय' म्हणतोय.

इतक्यात कुणीतरी विचारणारच, "मराठीला अभिजात दर्जा मिळालाय, ३ ऑक्टोबर २०२४ ला! आणि तुम्ही जर्मनचं कौतुक करता?" बरोबर. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी नको म्हणून अख्खा महाराष्ट्र उठला, सरकारला जूनअखेर निर्णय मागे घ्यावा लागला. पण तेव्हाचं भांडण कोवळ्या मुलांवर लादण्याचं होतं. एकवीस वर्षांच्या मुलीने आपल्या खुशीने चौथी भाषा घेतली तर त्यात मराठीचं काय बुडतं? मराठी बुडते ती घरात बोलायची सोडल्याने. जर्मन क्लासमधून येणाऱ्या मुलाने रिक्षावाल्याशी आणि वॉचमनशी मराठीत बोलायचं टाळलं, तर तो दोष जर्मनचा नाही.

तेव्हा निकाल असा. क्लास लावणाऱ्यांवर बोट ठेवायचं काही कारण नाही, पोटासाठी भाषा शिकण्यात लाज कसली? आपण इंग्रजी काय शेक्सपिअरसाठी शिकलो होतो? लाज वाटायचीच तर ती अर्ध्यावर टाकून देण्याची वाटावी. बी-वन झालेल्याने मुलांसाठी लिहिलेली एखादी गोष्ट मुळातून वाचायला घ्यावी, अडखळत का होईना. एन-थ्रीवाल्याने पाणी आणायला न जाता पाहुण्यासमोर बसावं. आणि ज्यांना खरंच गोडी लागलीय त्यांनी कालिनाची एक चक्कर टाकून चौकशी करावी, घरच्यांना हवं तर नोकरीसाठी म्हणून सांगा. व्हिसा मिळाला म्हणून भाषा सोडू नका, आणि नाही मिळाला म्हणून तर मुळीच सोडू नका.