वजन दोनदा, उडी एकदा

"काकू, खरं की खोटं तेवढं सांगा. काका दरीत उडी मारून आले म्हणे?"

कुंपणाच्या तारेवर ओला टॉवेल टाकता टाकता वर्षाने विचारलं. पलीकडे शोभाकाकू कढीपत्ता खुडत होत्या.

"कोण म्हणालं?"

"अख्खी कॉलनी म्हणतेय. बागेतल्या कट्ट्यावर काकांच्या शर्टाला हिंमतवाल्याचा बिल्ला बघितला सगळ्यांनी."

"बिल्ला त्यांच्या शर्टाला आहे, ते खरं. उडी मी मारली."

"अगंबाई! तुम्ही?"

"हळू बोल. समोरच्या वहिनींचा पडदा हलला बघ. आता दुपारपर्यंत पाण्याच्या टाकीपलीकडे बातमी."

"जाऊ दे हो बातमी. बंगी का काय ते? पायाला दोर बांधून उलटं लोंबकळायचं? काकू, तुम्ही स्टुलावर चढून माळ्यावरचं पातेलं काढत नाही, मला हाक मारता."

"स्टूल आमचं डुगडुगतं. तिथलं काही डुगडुगत नव्हतं, म्हणून तर मारली. ऐक नीट. ऋषिकेशला गेलो ते भाची आणि जावयाबरोबर. त्या दोघांची सहल साहसाची, आमची देवदर्शनाची. नीलकंठ महादेवाला जाऊन आलो. त्याच बाजूला मोहनचट्टी म्हणून गाव आहे, पौडी गढवाल जिल्ह्यात. तिथे डोंगराच्या कडेवरून बाहेर लोखंडी प्लॅटफॉर्म काढलाय, अधांतरी. खाली नदी, ह्यूल नावाची, पुढे गंगेला मिळते. उंची ८३ मीटर."

"म्हणजे किती ते सांगा."

"काकांनी तिथल्या तिथे हिशेब घातला, सत्तावीस मजले. हिशेब घातल्यावर ते खाली बसले."

"आणि तुम्ही उभ्या?"

"मी आधी बघत बसले गं. तास-दीड तास नुसती बघत होते. पोरं ओरडत जायची, काही देवाचं नाव घेत जायची, एक मुलगी तर आईला फोन लावून रडून मग गेली. माझं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. माझं लक्ष पट्ट्यांकडे. चोवीस तास मशीनवर बसलेली बाई मी, आयटीआयमध्ये पोरींना टीप मारायला शिकवलेली. त्या मुलाला म्हटलं, 'बेटा, तो पट्टा जरा दाखव.' दाखवला त्याने. जिथे जोड आहे तिथे आडवी, दाट, पुन्हा पुन्हा फिरवलेली टीप. आणि दोरा पट्ट्याच्या रंगाचा नाही, वेगळा."

"रंग जुळवायचा राहिला असेल."

"मीही आधी तेच धरलं. पण नाही, मुद्दाम वेगळा घेतात. एक टाका उसवला तरी लांबून दिसावा म्हणून. आपण ब्लाउजला जुळता दोरा शोधायला चार दुकानं फिरतो, कारण आपल्याला टीप लपवायची असते. त्यांना ती दाखवायची असते. तिथेच माझं अर्धं मन झालं."

"आणि दोर? तो कसला असतो?"

"दोर म्हणतात, पण पीळ घातलेला दोर नाही तो. आत बारीक बारीक रबराचे धागे, शेवयांच्या जुडीसारखे, शेकड्यांनी. वजन पडलं की मूळ लांबीच्या तीन-चारपट ताणला जातो आणि मग परत वर ओढतो. हलक्या माणसाला वेगळा, जड माणसाला वेगळा. हलक्याला जाड दोर लावला तर जोराचा हिसका बसेल, जड माणसाला बारीक लावला तर तो जास्तच खाली जाईल. म्हणून आधी वजन."

"तिथे खरं वजन सांगावं लागतं?"

"सांगावं नाही, करावं लागतं. चाळीस ते एकशे दहा किलोतलाच माणूस घेतात. काट्यावर उभं केलं आणि तो मुलगा मोठ्याने ओरडला, 'इकहत्तर!' सगळी रांग ऐकत होती. वरच्या मजल्यावर पुन्हा दुसरा काटा, पुन्हा आरोळी. वर मार्करने हातावर लिहिलं, इथे, मनगटाच्या वर. काका म्हणाले, 'इतकी वर्षं मला पत्ता लागू दिला नाहीस.' खरं सांगते वर्षा, दरीपेक्षा तो काटा जीवघेणा."

"काका का नाही गेले मग? कट्ट्यावर तर तेच मिरवतायत."

"त्यांची गंमत वेगळीच. तिथे उडीआधी फॉर्म भरून घेतात, आपल्या जबाबदारीवर उडी मारतोय म्हणून. पोरं वाचत नाहीत, भराभर सह्या ठोकतात. यांनी जन्मभर बँकेच्या शाखा तपासल्यात. चष्मा पुसला, बाकावर बसले आणि एक एक कलम मोठ्याने वाचायला लागले. मागची रांग खोळंबली. रक्तदाब आहे का, हृदयाचा त्रास आहे का, फिट येते का, पाठीचं ऑपरेशन झालंय का, बाई असेल तर दिवस गेलेत का. रक्तदाबापाशी आले आणि थांबले. रोज सकाळची गोळी आठवली. पेन खाली ठेवलं."

"सुटले म्हणा ना!"

"चेहरा असा खुलला होता की काय सांगू. पण एक मानलं मी, खोटी खूण केली नाही. जावई म्हणत होता, 'काका, कोण बघतंय, नाही लिहा.' हे म्हणाले, 'अहो, फॉर्म फसेल, रक्तवाहिनी कशी फसेल?' उलटं लोंबकळताना रक्त डोक्याकडे येतं ना, डोळ्यांवरही दाब पडतो. डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल त्यानेही जाऊ नये म्हणतात. मी निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारून घेतलं होतं."

"म्हणजे तुमचं घरातूनच ठरलं होतं! आणि आम्हाला सांगून गेलात नीलकंठाचं दर्शन."

"दर्शनही घेतलंच की."

"बरं, मग बिल्ला काकांकडे कसा?"

"थांब, येते तिथे. आधी हे ऐक. रांगेत असताना भाचीने एक गोष्ट सांगितली. हा खेळ मुळात कुणाचा माहीत आहे? पॅसिफिक समुद्रात वानुआतू म्हणून देश आहे, त्यात पेंटेकॉस्ट नावाचं बेट. तिथली एक बाई नवऱ्याच्या जाचाला कंटाळून रानात पळाली. नवरा मागे. ती वडावर चढली, तोही चढला. तिने उडी टाकली, त्याने तिच्यामागे टाकली. तो मेला, ती वाचली."

"कशी काय?"

"तिने आधीच घोट्यांना वेली बांधल्या होत्या."

"शाब्बास बाई! नाव काय तिचं?"

"ते गोष्टीत येत नाही. नवऱ्याचं येतं, तामालिए."

"घ्या! उडी तिची आणि नाव त्याचं. आपल्या कॉलनीसारखंच झालं की."

"पुढे ऐक. मग पुरुष म्हणाले, पुन्हा आपण असे फसता कामा नये. आणि त्यांनी सराव सुरू केला! लाकडांचा उंचच उंच मनोरा बांधायचा, घोट्यांना वेली बांधायच्या आणि खाली मातीवर झेपावायचं. त्यांच्याकडे सुरणासारखा याम नावाचा कंद होतो, त्याच्या पिकासाठी करतात हे. बायकांनी मनोऱ्याच्या जवळसुद्धा जायचं नाही. लांब उभं राहून नाचायचं."

"तिनेच शोधलं आणि तिलाच बंदी."

"पण त्या लोकांचं एक बघ. वेली कशाही बांधत नाहीत. ज्याची उडी त्याच्या वजनाला आणि उंचीला बेतून जाणती माणसं वेल निवडतात. आणि हंगाम ठरलेला, एप्रिल ते जून. पावसाळा नुकता संपलेला असतो, वेलींत रस असतो, त्या ताणतात. १९७४ साली इंग्लंडची राणी तिथे गेली. तिला बघायला मिळावं म्हणून फेब्रुवारीतच उड्या ठेवल्या. वेली अजून तयार नव्हत्या. एक माणूस गेला त्यात."

"राणीसाठी जीव गेला बिचाऱ्याचा."

"पाहुणे कितीही मोठे असू देत, वेलीला त्याचं काय? तिचा हंगाम तोच. मग ते बघून १९७९ साली ऑक्सफर्डच्या काही पोरांनी इंग्लंडात ब्रिस्टलच्या क्लिफ्टन पुलावरून रबरी दोर बांधून उड्या मारल्या. एक एप्रिलला! ७५ मीटरवरून. एकजण तर लांब कोट घालून, हातात शॅम्पेनची बाटली घेऊन. पोलिसांनी धरलं."

"धरणारच. पण पुलावरून उडी मारायचा हा धंदा कुणी केला?"

"न्यूझीलंडच्या ए. जे. हॅकेटने. तो १९८७ साली पॅरिसच्या आयफेल टॉवरवरून उडाला, त्यालाही पोलिसांनी नेलंच. पण या गड्याने आधी रबराचा अभ्यास करून घेतला होता. किती वजनाला किती ताणतं, किती उड्यांनी थकतं. म्हणून १९८८ साली क्वीन्सटाउनजवळ कावाराऊ नदीच्या जुन्या पुलावर रीतसर तिकीट लावून धंदा सुरू करू शकला. ४३ मीटर. ऑक्सफर्डच्या पोरांनी फक्त उडी मारली. याने वजनकाटा आणला."

"काकू, तुम्ही काकांसारखं बोलायला लागलात."

"संगतीचा परिणाम. तर फॉर्म बाजूला ठेवल्यावर यांना काम उरलं नाही ना, मग हे तिथल्या मुख्य माणसाकडे गेले. म्हणाले, 'दोराची वही दाखवा.' मला वाटलं हाकलून देतील. त्याने दाखवली! कोणता दोर कधी आला, त्यावर किती उड्या झाल्या, सगळं लिहिलेलं. उन्हाने, घासण्याने रबर म्हातारं होतं. ठरलेल्या उड्या झाल्या की दिसायला चांगला असला तरी तो दोर बाद. यांनी आकडे बोटाने तपासले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, 'जा तू. बेरीज बरोबर आहे.'"

"अय्या! बायकोला असं कोणी निरोप देतं?"

"मला तो चालला. लग्नात उखाण्यात म्हटलेल्यापेक्षा बरा होता."

"मग? वरती गेल्यावर?"

"कमरेला हार्नेस, घोट्यांना जाड पॅड गुंडाळून पट्टे. पायाचं काही झालं तर कमरेचं धरेल, म्हणून दोन्ही. एकाने बांधलं, दुसऱ्याने ओढून बघितलं. हातावरचा आकडा वाचून पुन्हा दोराशी ताडला. मग पाय जोडलेलेच, त्यामुळे टुणटुण करत कडेपर्यंत. तो म्हणाला, 'मॅडम, खाली बघू नका, समोरच्या डोंगराकडे बघा. हात पसरा.' तीन, दोन, एक. ढकलत नाहीत हं. स्वतःच झुकायचं."

"आणि झुकलात?"

"गुडघ्यांनी नकार दिला होता. पण मागे ती दाट टीप, वहीतली बेरीज, दोनदा ओरडलेलं एकाहत्तर... इतक्या जणांनी आपलं काम चोख केलं होतं, की माझ्या वाट्याला फक्त झुकायचं उरलं होतं. तेवढंही केलं नसतं तर लाजच वाटली असती."

"ओरडलात?"

"आवाज कुठे राहतो गं! पहिल्या क्षणी पोट वर, आपण खाली. जावई सांगत होता, दोराने धरलंच नाही तर अडीच सेकंदांत माणूस ३० मीटर खाली येतो, वेग ताशी ८८ किलोमीटर. त्या अडीच सेकंदांत मला दोन गोष्टी आठवल्या. एक, गॅस बंद केला होता ना? आणि दुसरी, पदर. मग लक्षात आलं, भाचीची पँट घातलीय."

"काकू पँटमध्ये! फोटो आहे?"

"व्हिडिओ आहे, पण तो दाखवायचा नाही. चेहऱ्याचं पार भरीत झालंय त्यात. मग दोराने धरलं. हिसका बसेल अशी भीती होती, तसा काही नाही, हळूहळू आवरून धरतो. परत वर. वरच्या टोकाला एक क्षण असा येतो की ना खाली ना वर, वजनच नाही. इकहत्तरचं शून्य! मला तेवढाच क्षण पुन्हा हवाय. बाकी सगळं त्यांनी ठेवून घ्यावं."

"मग वर ओढून घेतात?"

"नाही, खाली नदीकाठी सोडतात. तिथली पोरं लांब काठी पुढे करतात, ती धरायची, गादीवर आडवं व्हायचं. आणि मग सगळा डोंगर चढून परत यायचं! ते कुणी आधी सांगत नाही. उडीने नाही दमले एवढी त्या चढाने दमले. वर पोचले तर बिल्ला दिला. मी यांच्या शर्टाला लावला. तपासणी त्यांची, उडी माझी. अर्धा वाटा त्यांचा होतोच."

"मग कट्ट्यावर तसं सांगत का नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही म्हणे. बिल्ला बघून सगळ्यांनी आधी टाळ्याच वाजवल्या."

वर्षा हसून हसून तारेला टेकली. मग एकदम आठवल्यासारखी म्हणाली, "अहो, पण आमच्या धाकट्या भाऊजींचं पण काहीतरी चाललंय. तळ्याकाठी कुठलातरी कॅम्प, क्रेनला टांगून उडी. मित्रांनी ठरवलंय, सातशे रुपयांत. ऋषिकेश लांब पडतं म्हणतात."

"गोव्यातही २०१८ साली डिचोलीकडे मयेच्या तळ्यावर सुरू झालं होतं, ५५ मीटरचं. क्रेनचं मात्र मला काही सांगू नकोस. बंगळुरूला २००९ साली अशाच उडीत एक तरुण मुलगा गेला."

"मग नको म्हणू का त्यांना?"

"नको म्हटलं की हमखास जातील. जाऊ दे. फक्त जाऊन काय बघायचं ते सांग. वजन दोनदा करतात का? दोराची वही आहे का, मागितली तर दाखवतात का? कमरेला आणि पायाला दोन्हीकडे बांधतात का? एकाने बांधलेलं दुसरा तपासतो का? आणि फॉर्मवर आजारपण विचारतात का?"

"आणि तिथला माणूस म्हणाला, 'काही होत नाही हो दादा, बिनधास्त मारा', तर?"

"तर सातशे रुपये वाचले म्हणायचं, शेजारच्या गाडीवर वडापाव खायचा आणि घरी यायचं. मोहनचट्टीला मला एकजणही 'काही होत नाही' असं म्हणाला नाही. जो तो काही होऊ नये म्हणून कामाला लागला होता."