दुकान म्हणजे तुम्हीच

आमच्या नानाकाकांचं सांगलीत किराणा दुकान आहे आणि दुकानाचं मागचं दार थेट स्वयंपाकघरात उघडतं. एवढी जवळीक असल्यामुळेच की काय, काकांनी दोहोंमध्ये हिशेबाची भिंत पक्की घातली आहे. काकूने पाव किलो साखर आत नेली की वहीत ‘घरखर्च’ म्हणून चढते. पाहुण्यांसमोरचा बिस्किटाचा पुडा मालकाच्या खात्यावर पडतो. खुद्द काका दाढीसाठी गल्ल्यातून पैसे घेतात तेव्हा ‘दुकानाकडून उचल’ अशी नोंद करतात. दुकान आजवर त्यांना नाही म्हणालेलं नाही.

जीएसटी आला तेव्हा हा माणूस नोंदणीसाठी सीएकडे गेला. सीए गल्लीतलीच मुलगी, काकांच्या दुकानातल्या गोळ्या खाऊन मोठी झालेली.

“माझं पॅन आहे. आता दुकानाचं वेगळं काढ,” काका म्हणाले.

“काका, दुकानाला वेगळं पॅन नसतं. तुमची प्रोप्रायटरशिप आहे. कायद्याच्या लेखी दुकान म्हणजे तुम्हीच.”

“आणि काढलंच दुसरं तर?”

“दहा हजार दंड.”

काकांनी दुसऱ्या पॅनचा नाद सोडला, पण दुखावले ते दुखावलेच. दुकान त्यांच्या वडिलांनी काढलेलं. म्हणजे मुलगा वयाने मोठ्या दुकानाएवढाच, आणि शिवाय तोच दुकान! सीएने त्यांची समजूत घालायला पॅन उलगडून दाखवलं. चौथं अक्षर कुळी सांगतं : ‘पी’ म्हणजे व्यक्ती, ‘सी’ कंपनी, ‘एफ’ भागीदारी, ‘टी’ ट्रस्ट. पाचवं अक्षर आडनावाचं. काकांच्या कार्डावर ‘पीपी’ होतं, म्हणजे व्यक्ती आणि पाटील. या दोन्ही गोष्टी काकांना आधीपासून माहीत होत्या.

“आणि ‘एच’ म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. त्याला मात्र स्वतंत्र पॅन मिळतं.”

इथे काकांचा तोल गेला. रोज सकाळी सातला उघडणाऱ्या दुकानाला सरकार ओळखत नाही, आणि ज्या कुटुंबातले तिघे भाऊ विहिरीच्या पाण्यावरून एकमेकांशी बोलत नाहीत, ते अविभक्त म्हणून कार्ड घेऊन मिरवू शकतं!

पॅनचं गुपित जपायचं, ज्याला त्याला द्यायचं नाही, झेरॉक्सवर कशासाठी दिली ते लिहून आडवी सही करायची, हे सीएनेच काकांना शिकवलं होतं. काका ते इतकं पाळत की बँकेतल्या साहेबालाही कार्ड दुरूनच दाखवत. आता त्याच सीएने जीएसटीचा पंधरा अक्षरी नंबर हातात ठेवला आणि तो दारावरच्या पाटीवर रंगवून घ्यायला सांगितला, कारण तसा नियमच आहे. काकांनी चष्मा लावून नंबर वाचला. आधी २७, म्हणजे महाराष्ट्र. शेवटी एक आकडा, मग ‘झेड’, मग पडताळणीचा एक. आणि मधे, आडपडदा न ठेवता, त्यांचं दहा अक्षरी पॅन! पेंटरने ते लाल रंगात, पिवळ्या कडेसकट रंगवलं. पेंटर अक्षरावर पैसे घेतो. त्याचं मत जीएसटीबद्दल अजूनही चांगलं आहे.

पुढे आधार जोडायची वेळ आली. देशातलं पहिलं आधार आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २०१० मध्ये दिलं गेलं, हे काका अभिमानाने सांगत, पण स्वतःचं जोडायला मुदत उलटू दिली. इंग्रजीत पॅनवरचे दत्तात्रय आणि आधारवरचे दत्तात्रय यांच्यात शेवटच्या एका ‘ए’चं अंतर होतं, आणि संगणक त्यांना एक माणूस मानायला तयार नव्हता. म्हणजे माणूस आणि दुकान एक, पण दत्तात्रय दोन! नाव दुरुस्त झालं, उशिराचे हजार रुपये भरले, आणि काकांनी ते ‘दुकान खर्च’ म्हणून लिहिले.

“काका, हे तुमचे वैयक्तिक,” सीए म्हणाली.

“दुकान म्हणजे मीच ना?”

“नंबरापुरतं. खर्चाच्या वेळी वेगळे. तुम्ही दुकानातला बिस्किटाचा पुडा घरी खाल्लात तर त्यावरचं जीएसटी क्रेडिटसुद्धा मिळत नाही. ते सोडून द्यावं लागतं.”

घ्यायच्या वेळी अद्वैत आणि द्यायच्या वेळी द्वैत, हे कुठल्याही कीर्तनकाराला मांडता आलं नसतं इतक्या थोडक्यात तिने मांडलं. मला तर वाटतं, इतका जुना वाद अर्थमंत्रालयाने दोन्ही बाजू मान्य करून मिटवला.

काकूने मात्र यातली पहिलीच बाजू ऐकली. परवा मी गेलो तेव्हा ती पोहे-शेंगदाणे भरून आत नेत होती. काकांनी वही उघडली.

“काय लिहिताय? तुम्ही आणि दुकान एकच ना?”

“हो, पण तू...”

“मी आणि तुम्ही?” काकूने विचारलं.

काकांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं.