यंत्र सपाट जागी ठेवावे: एका पुस्तिकाकारास खुले पत्र

मु. गुंजवणे, ता. राजगड (कालपरवापर्यंत वेल्हे), जि. पुणे
ऐन आषाढ, दुपारचे तीन, दिवा लावून

वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेतील ‘दोष व निवारण’ या पानाचे लेखक महाशय यांसी,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपलं ते पान मी गेल्या पंधरवड्यात अकरा वेळा वाचलं. एवढी भक्ती आमच्या घरात फक्त शिवलीलामृताच्या वाट्याला येते, तीही श्रावणात. पण त्या पोथीचा अकरावा अध्याय वाचला की काही फळ तरी पदरात पडतं म्हणतात. आपल्या पानाच्या अकराव्या वाचनानंतरही ड्रायर ‘गुंऽऽ’ एवढंच म्हणत होता.

आधी आमची पंचाईत सांगतो. घराच्या दोन खोल्या आम्ही राजगडावर येणाऱ्या मंडळींना राहायला देतो. ही मंडळी सकाळी चोरदरवाज्याच्या वाटेनं पायांनी चढतात आणि दुपारी त्याच वाटेनं बसून उतरतात. मग पँटीचा मागचा भाग कसा दिसत असेल, ते आपल्यासारख्या कल्पक लेखकाला सांगायला नको. त्यात २०२५ च्या जुलैत गड जागतिक वारसा यादीत गेला. अभिमान आहेच, पण वारशाबरोबर मोजेही वाढले.

तर आपली पहिली आज्ञा: ‘यंत्र सपाट व कोरड्या जागी ठेवावे.’ महाशय, हे गाव राजगडाच्या पायथ्याला आहे. इथं ताटातली आमटीसुद्धा एका बाजूला जाऊन बसते. नाव घेण्याजोगी सपाट जागा म्हणजे गडावरची पद्मावती माची. तिथं तळं आहे, देऊळ आहे, ऐसपैस मोकळी जागा आहे, पण प्लग नाही. शेवटी एका पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा सरकवला. ‘कोरडी’ या शब्दावर मी जूनपासून सप्टेंबरपर्यंत काही बोलत नाही.

दुसरी आज्ञा: ‘ड्रायर न फिरल्यास वीजपुरवठा तपासावा.’ तपासला. पुस्तिकेत २३० व्होल्ट छापलेत, आमच्या मीटरनं त्या संध्याकाळी १६० दाखवले. आता गणित असं की, असल्या मोटरीचा उचलण्याचा जोर दाबाच्या वर्गानं घटतो. म्हणजे दाब तीस टक्क्यांनी उतरला तरी जोर निम्म्यावर येतो. ओल्या जीन्सनं भरलेला ड्रम निम्म्या जोरात उठत नाही, मोटर तापते, आतला तापरक्षक तिला बंद करतो आणि थंड झाली की ती पुन्हा गुणगुणू लागते. हे आपण एका ओळीत लिहिलं असतंत, तर मी पहिले चार दिवस प्लग काढ-घाल करण्यात घालवले नसते. पण पहाटे दाब २२० वर आला, तरीही ‘गुंऽऽ’च. आई म्हणाली, “आवाज करतंय म्हंजी जित्तं हाय.” आपल्या अख्ख्या पानात इतकं अचूक निदान एकही नाही.

तिसरी आज्ञा तर रत्नच: ‘तरीही दोष राहिल्यास अधिकृत सेवाकेंद्राशी संपर्क साधावा.’ साधला. ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात, छत्री धरून, एक पाय दगडावर ठेवला की रेंज येते. पलीकडच्या गोड आवाजानं पिनकोड विचारला, थोडं संगीत ऐकवलं आणि आमच्या पिनकोडवर सेवा उपलब्ध नसल्याचं सांगून आमचा दिवस शुभ जावो म्हणाला. यंत्र विकताना मात्र पिनकोड कुणी विचारला नव्हता.

अखेर नसरापूरकडचा एक मेकॅनिक आला. त्यानं पुस्तिका मागितली नाही. धुण्याची बाजू चालवून पाहिली, ती फिरली. पिळण्याची बाजू लावली, कान टेकवला आणि म्हणाला, “अर्धा गेलाय.” मी त्याच्याकडे बघत राहिलो. मागचं पत्र्याचं झाकण काढून त्यानं एक डबी दाखवली. त्यावर ‘१०+५’ लिहिलेलं. एकाच डबीत दोन कपॅसिटर: धुण्याच्या मोटरीचा १० मायक्रोफॅरडचा, ड्रायरच्या मोटरीचा ५ चा. पहिला शाबूत, दुसरा गेलेला. सिंगल फेजच्या मोटरीला कुठल्या बाजूला फिरायचं हे आपणहून सुचत नाही. कपॅसिटर तिच्या दुसऱ्या गुंडाळीतला प्रवाह जरा पुढे सरकवतो, आणि त्या मागेपुढे होण्यातून फिरण्याची दिशा मिळते. तो नसला की मोटर जागच्या जागी कण्हत बसते. प्लग काढल्यावरही त्या डबीत वीज साठलेली राहू शकते, म्हणून मूठ लावलेल्या स्क्रूड्रायव्हरनं त्यानं ती आधी रिकामी केली आणि मला दोन हात लांब उभं केलं. नवी डबी दोनशेच्या आत. जाता जाता तळाला उंदरांची जाळीही बसवून गेला, कारण ब्रेकच्या तारेशेजारची एक वायर कुरतडायला सुरुवात झाली होती. भाताची खाचरं भरली की उंदीर घरात राहायला येतात. त्यांच्याकडून आम्ही भाडं घेत नाही.

एक शंका मात्र मूळ शब्दाचीच आहे. याला ड्रायर कोणी म्हटलं? हा वाळवत नाही, पिळतो. चांगला पिळून काढला तरी किलोभर सुक्या कपड्यांत अर्धा किलोच्या आसपास पाणी राहतंच. खरा वाळवणारा ड्रायर वेगळा, गरम हवेचा. अमेरिकेत उत्तर डाकोटाच्या थंडीत आईला बाहेर कपडे वाळत घालताना पाहून रॉस मूर नावाच्या माणसानं तो रचला, आणि १९३८ मध्ये तो बाजारात आला तो ‘जून डे’ या नावानं. जूनचा दिवस! तिकडे जून म्हणजे लख्ख ऊन. आमच्याकडे हे नाव लावून यंत्र विकायला आणलं, तर लोक त्यात छत्र्या ठेवतील. शिवाय लिटरभर पाण्याची वाफ करायची तर दोन तृतीयांश युनिट वीज निव्वळ वाफेलाच लागते. १६० व्होल्टांवर ते कपडे संकष्टीला घातले तर पुढच्या संकष्टीला निघायचे. त्यापेक्षा चुलीवरची वलणी बरी. कपड्यांना धुराचा वास येतो, पण पाहुणे त्याला ‘अस्सल गावाकडचा अनुभव’ म्हणतात.

तरी पुढच्या आवृत्तीत ‘कारण’ या रकान्यात उंदीर, आषाढ आणि शेजारच्या विहिरीवरची दाब ओढणारी मोटर यांचा समावेश व्हावा, ही नम्र विनंती. कळावे, लोभ असावा.

आपला,
एक ओला ग्राहक

ता. क. पत्र पाकिटात घालणार, तोच ड्रायरनं आधी धडधड केली आणि मग पुन्हा ‘गुंऽऽ’. झाकण उघडं असलं की ब्रेक लागलेला असतो, म्हणून प्लग काढला, झाकण लावलं आणि मागून कपलिंग हातानं फिरवून पाहिलं. ते हलेना. ड्रम सोडवून वर काढला, तर खाली दांड्याला कुण्या पाहुण्याचा मोजा गच्च गुंडाळलेला. कपॅसिटर आपणहून गेला होता की याच मोज्यानं त्याला आठवडाभर ताणून घालवला, हे मेकॅनिकलाही सांगता येईना. पिळताना कपड्यांवर ती भोकांची प्लॅस्टिकची चकती ठेवावी, असं आपण पान चारवर ठळक अक्षरांत लिहिलंय, हे मी आज पहिल्यांदा वाचलं. चकती घरातच होती. वाफ जाते आणि माश्या बसत नाहीत म्हणून आई ती गेली दोन वर्षं भाकरीच्या टोपलीवर झाकतेय. ती आता ड्रायरमध्ये परत गेली आहे. तेवढ्याच मापाची दुसरी चकती सुट्या भागांत मिळते का, ते कळवावं. आई बोलत नाहीये.