पिकअप राहू द्या, पार्ट मिळतो का ते सांगा

अकोले तालुक्यातल्या राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनात बैल घेणारा माणूस बघा. मालक काय सांगतोय याकडे त्याचं लक्षही नसतं. तो जबडा उघडून दात मोजतो, खूर उचलतो, कातडीवरून हात फिरवतो, चार पावलं चालवून चाल बघतो. डांगी पावसात टिकते ती तेलकट कातडीमुळे आणि काळ्या टणक खुरांमुळे, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आणि त्याच घरातला शिकलेला, नोकरीला लागलेला मुलगा पाच लाखांची सेकंड हँड गाडी मोबाइलवरचे फोटो बघून ठरवतो. अलॉय आहेत, लाल शिलाईच्या सीटा आहेत, ‘पिकअप एक नंबर’ आहे. झालं, टोकन पाठवलं!

मला याचा राग येतो, कारण हे पैसे कष्टाचे असतात आणि गाडी हौसेपुरती नसते. अकोल्यात, संगमनेरात राहून राजूरला येणारे शिक्षक, प्रकल्प कार्यालयातले कर्मचारी, बँकेतली पोरं, दवाखान्यातल्या सिस्टर, आणि राजूरहून उलट दिशेला जाणारेही तितकेच. सगळे अपडाऊनवाले. कोल्हार-घोटी रस्ता, मध्ये विठे घाट, हंगामात उसाचे ट्रॅक्टर आणि पावसाळाभर धो धो पाणी. ज्याला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात ते घाटघर इथून लांब नाही. या लोकांची गाडी रोज सकाळी सुरू झालीच पाहिजे. ती गॅरेजात बसली की बँकेचा हप्ता चालू, एसटीचं भाडं चालू आणि रजा कापली जाते ती वेगळीच.

मग त्यांनी मजेची गाडी घेऊच नये का? जरूर घ्यावी. दिवसभर वर्ग सांभाळून निघालेल्या माणसाला घाटात गाडीनं तिसऱ्या गिअरवर सणसणीत ओढलं, तर तेवढं सुख त्याच्या हक्काचं आहे. चुकतो तो प्रश्न. जो तो विचारतो, ‘कोणत्या कंपनीची गाडी भरवशाची?’ विचारायला हवं ते असं: हिचा पार्ट संगमनेरला किती दिवसांत येतो, आणि हिच्या इंजिनाला हात लावणारा मिस्त्री जवळ कोण आहे?

फियाटचंच बघा. आपल्याच नगर-पुणे रस्त्यावर, रांजणगावात ही गाडी बनायची. २०१५ मध्ये तिथून अबार्थ पुंटो आली. १.४ लिटरचं टी-जेट टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती. त्या किमतीच्या हॅचबॅकमध्ये एवढी ताकद तेव्हा दुसरं कुणी देत नव्हतं. आज ती जुनी मिळते आणि किंमत ऐकून पोरं वेडी होतात. स्वस्त का? २०१९ मध्ये फियाटनं इथे गाड्या विकणंच थांबवलं, म्हणून. टी-जेट इथे विकलं गेलंच मोजक्या गाड्यांतून, त्यामुळे त्याचा टर्बो किंवा सेन्सर गेला की शोधाशोध सुरू होते. कारखाना रस्त्यावरच असून उपयोग काय? तिथून आता जीप निघतात.

त्याच पुंटोची डिझेल बहीण मात्र वेगळी. तिच्यातलं १.३ मल्टिजेट हे फियाटचंच इंजिन मारुतीनं स्विफ्ट आणि डिझायरमध्ये घातलं, टाटानं व्हिस्टा आणि मान्झामध्ये घातलं. ते इंजिन न खोललेला मिस्त्री आपल्या भागात सापडणार नाही. बॉडीचे पार्ट मिळायला वेळ लागेल, पण इंजिनावाचून गाडी महिनाभर उभी राहणार नाही. बोनेटवरचा बिल्ला दोन्हींचा एकच, भरवसा मात्र अगदी वेगळा. कंपनीच्या नावावर गाडी जोखणाऱ्यांनी हे एवढं उदाहरण पाठ करावं.

पोलोचं प्रकरण याहून नाजूक आहे, कारण पोलोवर जीव टाकणारे तालुक्यात बरेच आहेत. चाकणची गाडी, २०२२ मध्ये बंद झाली. ‘जीटी टीएसआय’ एवढं नाव वाचून लोक भुलतात, पण त्या नावाखाली दोन निराळ्या गाड्या आहेत. २०१३ पासून आलेल्या १.२ लिटरच्या जीटीत सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स होता, कोरड्या दुहेरी क्लचचा. २०२० पासून १.० लिटरचं इंजिन आलं आणि डीएसजी जाऊन सहा गिअरचा साधा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक आला, १.० लिटरच्या पोलोत मॅन्युअलही मिळायचा. सात गिअरच्या त्या कोरड्या डीएसजीपायी फोक्सवॅगनला २०१३ मध्ये चीनमध्ये ३,८४,१८१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. मोकळ्या हायवेवर तो गिअरबॉक्स लोण्यासारखा चालतो. विठे घाटात उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे रांगत चढायला लागलं की मात्र क्लच अर्धवट लागून घासत राहतो आणि तापतो. रोज तेच करायचं असेल तर वॉरंटी संपलेली जुनी डीएसजी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. मेकॅट्रॉनिक, म्हणजे त्या गिअरबॉक्सचं नियंत्रण करणारं युनिट गेलं तर येणारं बिल पगारदाराला झेपणारं नसतं.

२०२० नंतरची १.० मॅन्युअल मात्र मी बिनदिक्कत सुचवेन. तेच इंजिन पुढे टायगुन, व्हर्टस, कुशाक, स्लाव्हिया या चारही गाड्यांत गेलं, म्हणजे पार्टांची वाट बंद झालेली नाही. २०१७ मध्ये आलेल्या बलेनो आरएसबद्दलही माझं मत चांगलं आहे. दरवाजे, काचा, दिवे मारुतीचे, कुठेही मिळणारे. आणि तिच्या एक लिटर बूस्टरजेटच्या जातीचं इंजिन २०२३ पासून फ्रॉन्क्समध्ये परत आलंय. टाटाची टियागो जेटीपी २०१८ मध्ये आली आणि बीएस-६ येईतो गेली. जपायला छान, अपडाऊनला नको. फोर्डनं २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, फिगोची १.५ डिझेल चालवायला आजही बहार आहे, पण घेण्याआधी एखाद्या पार्टाची चौकशी स्वतः फोन लावून करा आणि मगच इसार द्या.

हे झालं मॉडेलचं. खरी मेख त्या एका गाडीत असते, जी तुमच्यासमोर धुऊन-पुसून उभी केलेली असते.

साध्या अल्टोपेक्षा अशा गाडीत एक धोका जास्त. तिचा आधीचा मालक हौशी असतो. टर्बो गाडी घेतली की पहिल्या वर्षात तो ‘रीमॅप’ करतो, म्हणजे संगणकातला प्रोग्राम बदलून इंजिनाकडून कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा जास्त ताकद काढतो. विकताना सगळं जसंच्या तसं करून देतो. प्रोग्राम पुसता येतो, क्लचची झीज पुसता येत नाही. चढावर चौथा गिअर टाका, गाडी हळू असताना ॲक्सिलेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा वर पळाला पण गाडीनं वेग घेतला नाही, तर क्लच संपलाय. दुसरी खूण धुराची. गाडी दोन-तीन मिनिटं नुसती चालू ठेवून एकदम रेस करा. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर इंजिन किंवा टर्बो ऑइल खातोय. हात जोडून निघून या.

मीटरवर विश्वास ठेवणं आता सोडलं पाहिजे. ‘डॉक्टरांची गाडी, सिंगल हँड, फक्त दवाखान्यात जायला’ हे वाक्य ऐकून माझे कान किटले. मीटरचा आकडा मागे फिरवणं थोड्या वेळाचं काम आहे. पेडलचं रबर झिजायचं ते झिजतंच, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड दबायची ती दबतेच, स्टिअरिंग गुळगुळीत व्हायचं ते होतंच. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. तीस हजार चाललेल्या गाडीला दुसऱ्यांदा बदललेले टायर का, हे विचारा आणि उत्तर देणाऱ्याच्या तोंडाकडे बघा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी जात होती तर तिथे प्रत्येक भेटीचे किलोमीटर नोंदलेले असतात. मालकाला सोबत घ्या आणि ती नोंद काढा. मालक टाळाटाळ करतो? मग उत्तर मिळालं.

परवा संगमनेरच्या एका गॅरेजात एक तरुण सर गाडी दाखवायला आले होते, विकणारा सोबत. मिस्त्रींनी आधी बोनेटवर तळहात टेकवला.

“भाऊ, गरम करून आणली का?”

“लांबून आलो ना मिस्त्री.”

“मग राहू द्या उभी. गार झाल्यावर बघू. सर, तुम्ही चहा घ्या.”

गार इंजिनाचा पहिला स्टार्ट बघितल्याशिवाय ते पुढे सरकले नाहीत. मग ऑइलचं झाकण काढून आतून बोट फिरवलं. डिकीतली स्टेपनी बाहेर काढून तिच्या खड्ड्यात बॅटरी मारली. आणि शेवटी ड्रायव्हरचा सीटबेल्ट ओढायला लागले. ओढता ओढता पार शेवटपर्यंत. वरचा पट्टा काळाभोर, नवा कोरा. खालचा वीतभर भाग मातकट, कडक, आणि दोन्हींच्या मध्ये आडवी सरळ रेघ. मिस्त्री काही बोलले नाहीत, पट्टा तसाच सरांच्या हातात दिला. सरांनी रेघेवर नख फिरवलं. विकणाऱ्याचा फोन तेवढ्यात वाजला आणि तो बाहेर गेला.

२०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात पाणी भरलं, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. अशा पुरातल्या गाड्या विमा कंपन्यांकडून लिलावात जातात, धुतल्या जातात, वायरिंग सुकवलं जातं आणि दूरच्या बाजारात उभ्या राहतात. एमएच-०८, ०९, १० पासिंगच्या सगळ्याच गाड्या काही बुडालेल्या नाहीत, पण पट्टा ओढायला पैसे पडत नाहीत. मिस्त्रींना नेलं तर त्यांना त्यांची मजुरी द्या, आणि ती विकणाऱ्याकडून नव्हे, स्वतःच्या खिशातून. मिस्त्री कुणाचा, हे मजुरी कोण देतो त्यावर ठरतं.

गाडी रॅम्पवर चढवून खालून बघाच. अबार्थ पुंटोचा ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर. पोलोचाही फार जास्त नाही. आपल्याकडच्या खड्ड्यांत ऑइल चेंबर आपटलेला असतो, लोअर आर्मचे बुश गेलेले असतात, शॉकअप गळत असतात. एका बाजूचा शॉकअप नवा आणि दुसऱ्या बाजूचा जुना दिसला तर त्या बाजूला काय झालं होतं ते शोधा. पावसाळी भागातल्या गाडीत चासीच्या सांध्यांवरचा काळा लेप ताजा असेल तर तो खरवडून बघायचा हक्क तुमचा आहे.

पेट्रोलचंही बोलायला हवं, कारण विकणारा बोलणार नाही. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असं नमूद आहे. जुन्या टर्बोत इंधनाचे रबरी पाइप आणि सील एकदा बदलून घ्या आणि तो खर्च भावातून कापा.

भावाचं म्हणाल तर, २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली तर जुनीही उतरलीच पाहिजे. सप्टेंबरच्या आधीचा भाव कुणी तोंडावर फेकत असेल तर नव्या गाडीचं कोटेशन काढून त्याच्यासमोर ठेवा.

आणि कागद. अकोले तालुक्याचं पासिंग श्रीरामपूरचं, एमएच-१७. गाडी पुण्याची किंवा नाशिकची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागतो. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. थकलेली चलानं ऑनलाइन दिसतात, ती विकणाऱ्याकडून भरून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे घेणाऱ्यानं ३० दिवसांत आणि विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विकणारेही हे गमतीवारी नेतात. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अपघात झाला तेव्हा आरसीवर ज्याचं नाव तो मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. त्या खटल्यातली गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, आरसी मात्र कुणीच बदलली नव्हती. विम्याचंही तसंच. पॉलिसीवर नाव चढलं नाही तर घाटात तुमच्या गाडीचं झालेलं नुकसान तुमच्याच माथी.

एजंट म्हणेल, ‘पैसे आज टाका सर, पेपर होतील महिनाभरात.’ मग ठरलेल्या रकमेतला मोठा हिस्सा, दहा-पाच हजार नव्हे, तुमच्या नावाची आरसी हातात पडेपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या, आणि तसं स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या. एजंट नाही म्हणाला तर गाडी त्याच्याच दारात राहील.