कोल्हा कुणी पाहिला?

चार वर्षांच्या मुलाला वाचनाची गोडी लावायची तर हल्ली घरात काय काय लागतं? एक लॅपटॉप, त्याचं नेट गेलं तर हाताशी एक मोबाइल, मागे दिसायला एक नीटनेटकी भिंत आणि कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने उकिडवी बसलेली आई. पुस्तक तिकडे वर्ग घेणाऱ्या ताईंच्या पडद्यावर. पोरगं मात्र आईच्या ओठांकडे बघत असतं, कारण उत्तरं तिथून येतात.

या कार्यक्रमाला 'पुस्तकगप्पा' म्हणतात. फी तिमाही, भावंडांना सवलत. गप्पा मारायला फी का, असं विचारू नये. घरात फुकट गप्पा मारायला वेळ कुणाला आहे?

ओळखीच्या घरी असा एक वर्ग बसून पाहिला. पुस्तक होतं पॅट हचिन्स यांचं 'रोझीज वॉक', १९६८ सालचं. निवड ऐकून मी खरोखर खूश झालो. अख्ख्या पुस्तकात शब्द ३२, वाक्य एकच. रोझी नावाची कोंबडी फिरायला निघते, तळं, गवताची गंजी, गिरणी, मधमाश्यांच्या पेट्या असं करत करत जेवणाच्या वेळेला परत येते. बस्स. शब्द वाचणाऱ्याच्या हाती एवढंच लागतं. चित्रांत मात्र पहिल्यापासून एक कोल्हा तिच्या मागावर आहे. कधी दाताळं त्याच्या थोबाडावर बसतं, कधी तो तळ्यात पडतो, कधी पिठाने न्हाऊन निघतो. बाईसाहेबांना पत्ता नाही. आणि त्या ३२ शब्दांत कोल्ह्याचं नावसुद्धा येत नाही! म्हणजे ज्याला वाचता येतं तो हमखास फसावा आणि ज्याला येत नाही त्याला सगळं दिसावं, अशी लबाडी करून ठेवलेलं हे पुस्तक आहे.

ताई फसल्या. त्यांनी ३२ शब्द सुरेख हेल काढून वाचले आणि विचारलं, "रोझी कुठे गेली?" चौकटीचौकटींतून उत्तर आलं, "वॉऽऽक!" "व्हेरी गुड! रोझी कोण आहे?" "हेन!" "एक्सलंट! हेनचं स्पेलिंग कोण सांगेल?" एका चौकटीतला मुलगा मघापासून पडद्यावर बोट आपटत काहीतरी ओरडत होता. तो म्यूटवर होता. आईने त्याचं बोट खाली घेतलं, पडद्यावर डाग पडतात म्हणून. त्याची पाळी आली तेव्हा पान उलटलं होतं आणि ताईंना मधमाश्यांच्या पेट्या मोजून हव्या होत्या. तो म्हणाला, "फॉक्स." ताई म्हणाल्या, "नो बेटा, हेन."

शेवटी तात्पर्य विचारलं गेलं. तात्पर्याशिवाय मराठी मुलाला गोष्टीतून उठू देत नाहीत. एका बाबांनी कॅमेऱ्याबाहेरून पुरवलेलं उत्तर सर्वानुमते मंजूर झालं: फिरल्याने तब्येत चांगली राहते.

पडद्याच्या नावाने बोटं मोडायची आता फर्मास संधी आहे, पण ती सोडतो. पडद्याचा यात फारसा दोष नाही. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक साधा प्रयोग छापला. दोन-तीन वर्षांच्या मुलांचे आईबाप घेतले. निम्म्यांना सांगितलं, नेहमीसारखं चित्रपुस्तक वाचा. उरलेल्यांना सांगितलं, हो-नाहीचे प्रश्न विचारू नका, 'इथे काय चाललंय?' असं विचारा, पोर जे म्हणेल त्यात भर घाला, आणि त्यालाच गोष्ट सांगू द्या. महिनाभरात दुसऱ्या गटातली मुलं बोलण्यात स्पष्टपणे पुढे गेली. पुस्तकं दोन्हीकडे वाचली जात होती, फरक फक्त मोठ्यांनी तोंड कधी मिटलं याचा होता. पुढे २०१४ मध्ये सारा रोझबेरी, कॅथी हर्श-पासेक आणि रॉबर्टा गोलिनकॉफ यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवून पाहिली. समोर बसलेल्या माणसाकडून मुलं शिकली, व्हिडिओ कॉलवरच्या माणसाकडूनही शिकली. आधी चित्रित करून ठेवलेल्या माणसाकडून शिकली नाहीत. मुलाच्या बोलण्याला समोरून प्रतिसाद येतो की नाही, यावर सगळं अवलंबून. आमच्या वर्गाची कमाल ही की, जिवंत बाई समोर असूनही त्याने चित्रफितीचा परिणाम साधला.

आपल्याकडे या विषयात पूर्वजही काही कमी नव्हते. मुलं शाळेत येईनात म्हणून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला शाळाच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. पुढे गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर शाळा भरवली. आम्ही तर एक पाऊल पुढे गेलो, शाळा थेट सोफ्यावर आणली. फक्त सोफ्यावरून उठायला मनाई केली.

ही सगळी सोफा असलेल्यांची गोष्ट. करोनाकाळात शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा, जुलै २०२० मध्ये, केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शिकेने पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला ३० मिनिटांची मर्यादा घातली. त्यातली दहा 'आवाज येतोय का?' यात जात. पण ज्या घरात फोन एक, तोही बापाबरोबर साइटवर किंवा शेतावर, तिथे आवाज यायचा प्रश्नच नव्हता. आपल्या राज्यात पहिली ते चौथीचे वर्ग मार्च २०२० ला बंद झाले ते बऱ्याच ठिकाणी डिसेंबर २०२१ ला उघडले. 'असर' या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातली दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीची मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के. त्यानंतर परिस्थिती सुधारली म्हणे: २०२४ मध्ये २७.१. म्हणजे सहा वर्षं धावून आपण निघालो होतो तिथे पोचलो, आणि तिथेही चारांतली तीन मुलं वाचत नव्हतीच. या मुलांसाठी कुणी तिमाही फी भरत नाही, त्यामुळे त्यांच्याशी गप्पा मारायला स्पर्धाही नाही.

पुस्तकं नाहीत ही सबब आता चालत नाही. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून मराठीसह कितीतरी भाषांतली चित्रपुस्तकं फुकट पडली आहेत. फोन उघडायचा, पोराला मांडीवर घ्यायचं, 'काय दिसतंय?' विचारायचं. अडचण पुढेच आहे: विचारून झाल्यावर गप्प बसायचं असतं. मराठी पालकाला हे प्राणायामापेक्षा अवघड जातं. चित्रात हत्ती दिसला की त्याच्या तोंडून 'ह हत्तीचा…' न राहवून सुटतंच. मुलाने निळा हत्ती म्हटलं तर आधी दुरुस्ती, मग रंगांची उजळणी, मग गणपतीबाप्पा. तोवर पोर मांडीवरून उतरलेलं असतं.

ज्यांना हे जमतं अशी एक जमात मला माहीत आहे. नात न्यू जर्सीत, आजी साताऱ्यात, मध्ये साडेनऊ-साडेदहा तास. 'राधाचं घर' हे माधुरी पुरंदरे यांचं पुस्तक आजीने हट्टाने तिकडे पाठवलंय आणि एक प्रत स्वतःकडे ठेवलीय. व्हिडिओ कॉलवर दोघी पानं उलटतात. आजीचा कॅमेरा बहुतेक वेळ पंख्याकडे असतो. चष्मा सापडत नाही, म्हणून ती खरंच विचारते, "काय गं आहे तिथे कोपऱ्यात?" तिला उत्तर माहीत नसतं. नातीला याचा पक्का सुगावा लागलेला आहे, त्यामुळे ती कमरेवर हात ठेवून आजीला सगळं समजावून सांगते. शब्द अडला तर इंग्रजी घालते. आजी तोच शब्द मराठीत परत करते, दुरुस्त केलं असं दाखवत नाही आणि पुढचं विचारते. व्हाइटहर्स्ट यांचं नाव तिने ऐकलेलं नाही. फी नाही, प्रमाणपत्र नाही, तात्पर्य तर नाहीच. परवा नात चार पावलं पुढे जाऊन स्वतःच अक्षरांवर बोट फिरवू लागली होती, 'हे रा आहे ना?' असं विचारत. आजी चष्मा शोधतच होती, तेवढ्यात मागून आई आली आणि म्हणाली, "आई, ठेवते हं फोन, हिचा रीडिंगचा ऑनलाइन क्लास आहे."