हार्बर लाइनची न्यायवैद्यक प्रयोगशाळा

कालिन्याच्या सरकारी न्यायसहाय्यक प्रयोगशाळेत नमुना गेला की अहवाल यायला महिने लागतात. हार्बर लाइनच्या डब्यातली प्रयोगशाळा मात्र झटपट. मानखुर्दला संशय, वाशीच्या पुलावर तपास, नेरूळला कबुली, खारघरला फाशी. खांदेश्वरला उतरणाऱ्याच्या वाट्याला फक्त दयेचा अर्ज येतो आणि तोही डबा एकमताने फेटाळतो.

देशात कुठेही एखाद्या घराला पोलिसांनी सील ठोकलं आणि 'आणखी खुनांचा संशय' एवढे तीन शब्द पडद्यावर झळकले, की त्या घरात काय काय सापडलं याची यादी आपल्याकडे तयार असते. फ्रिज, प्रेशर कुकर, मिक्सर, निळा ड्रम, ब्लीचची बाटली, नायलॉनची दोरी, करवत. यादी वाचून दचकू नका. करवत सोडली तर सगळं तुमच्याही घरात आहे. करवतही होती, ती शेजाऱ्यांनी नेली.

'वास येत होता' हे पुढचं वाक्य. मजल्यावरच्या प्रत्येकाला तो आधीपासून येत असतो, फक्त चॅनेलचा माइक येईपर्यंत कुणी बोललेलं नसतं. आता नवी मुंबईत वास हा पुरावा धरायचा म्हटलं तर तळोजा एमआयडीसीच्या दिशेने रात्री वारा सुटला की निम्म्या खारघरने पोलीस ठाण्यात फिर्याद द्यायला जावं. दिवाळे गावात सुकत घातलेले बोंबील, तुर्भ्याचं डम्पिंग, भरतीओहोटीची खाडी: या शहरातल्या नाकांनी साक्षीच्या पिंजऱ्यात जरा जपूनच उभं राहावं.

राहिलं लुमिनॉल. गुन्ह्यांच्या मालिका बघून बघून हे रसायन आता घरोघरी ठाऊक झालंय: फवारलं, दिवा मालवला, निळं चमकलं की खून. प्रत्यक्षात लुमिनॉल रक्ताने चमकतं तसंच ब्लीचनेही चमकतं, तांब्याच्या काही क्षारांनी चमकतं आणि काही भाज्यांच्या रसातल्या विकरांनीही चमकतं. म्हणून तज्ज्ञ त्याला 'इथे पुढे तपासा' एवढ्यापुरतंच मानतात. रक्त आहे का, असेल तर माणसाचं की बोकडाचं, माणसाचं असेल तर कुणाचं, या प्रत्येक प्रश्नाची चाचणी वेगळी. गटारीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या सोसायटीतल्या मोऱ्यांवर लुमिनॉल फवारलं तर अख्खी विंग आत जाईल.

हसून झालं असेल तर आता नोएडाला चला. सेक्टर 31, बंगला क्रमांक डी-5.

29 डिसेंबर 2006 रोजी निठारी गावालगतच्या त्या बंगल्यामागच्या मोकळ्या पट्टीत आणि नाल्यात मुलांच्या कवट्या आणि हाडं सापडली. बंगल्याचा मालक मोनिंदरसिंग पंढेर आणि घरगडी सुरिंदर कोली यांना अटक झाली. त्यानंतर काही आठवडे साऱ्या देशाने त्या बंगल्याच्या आत मुक्काम ठोकला. स्वयंपाकघरात काय शिजत होतं हे सांगणारे होते, किडन्यांचा बाजार सांगणारे होते, न्हाणीघराचा नकाशा काढून दाखवणारे होते. सगळे पाहिल्यासारखं बोलत होते. कोलीला तेरा खटल्यांत फाशी सुनावली गेली, पुढे एकीची जन्मठेप झाली. देशाच्या दृष्टीने विषय संपला.

16 ऑक्टोबर 2023 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने कोलीला बारा आणि पंढेरला दोन खटल्यांतून निर्दोष सोडलं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या समितीने अवयवांच्या व्यापाराचा तपास करा म्हणून सुचवलं असताना तो झाला नाही आणि गरीब नोकराला राक्षस ठरवण्याची सोपी वाट धरली गेली, असे ताशेरे निकालात आहेत. 30 जुलै 2025 रोजी त्याविरुद्धची अपिलं सर्वोच्च न्यायालयात पडली. उरलेल्या एकमेव खटल्यात, 11 नोव्हेंबर 2025 रोजी, आपल्या अमरावतीचे, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. सूर्यकांत आणि न्या. विक्रम नाथ यांच्या पीठाने कोलीचा क्युरेटिव्ह (पुनर्विचारही फेटाळल्यानंतरचा शेवटचा) अर्ज मान्य केला. एकोणीस वर्षांनी तो बाहेर आला.

त्या निकालातला एक मुद्दा आपल्या डब्याने लॅमिनेट करून दाराजवळ चिकटवावा. तज्ज्ञांच्या पथकांनी डी-5 ची झडती घेतली होती. एकाच घरात अनेक खून झाले आणि देहांचे तुकडे केले गेले असते तर जे रक्ताचे डाग, जे अवशेष मिळायला हवे होते, ते घरात मिळाले नाहीत. देश ज्या घरात मुक्काम ठोकून बसला होता, त्या घरात आपण सांगत होतो तो पुरावाच नव्हता.

दुसरा मुद्दा आणखी झोंबणारा आहे. 'आरोपीने जागा दाखवली आणि तिथे हाडं सापडली' हा सरकार पक्षाचा आधार. पोलिसांपुढची कबुली आपल्या कायद्यात ग्राह्य नाही. पण त्या कबुलीमुळे एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग धरता येतो. जुन्या पुरावा कायद्याचं ते कलम 27, नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम 23 मध्ये गेलंय. अट साधी आहे: ती जागा आरोपीच्या सांगण्यामुळे कळलेली असावी. इथे न्यायालयाला काय दिसलं? हाडं तिथे आहेत हे पोलिसांना आणि लोकांना आधीच ठाऊक होतं, आरोपी पोचायच्या आत खोदकाम सुरू झालं होतं. म्हणजे आधी गर्दी आणि फावडी, मग आरोपी, मग 'शोध'. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढच्या कबुलीचीही तीच गत: ती नोंदवली तेव्हा माणूस साठ दिवस सलग पोलीस कोठडीत होता आणि त्याला वकिलाची खरीखुरी मदत नव्हती.

मुलं मात्र खरोखर गेली. मारणारा कोण, हे कायद्याला पटेल अशा रीतीने ठरलं नाही याचा खेद त्या निकालातच व्यक्त झालाय. निठारीतले आईबाप 'पोरं हरवली' म्हणून पोलीस चौकीच्या पायऱ्या झिजवत होते, तेव्हा हा तर्क लढवणारा देश कुठे होता? हरवलेलं पोर ही बातमी नव्हती. कवटी झाली तेव्हा बातमी झाली.

लांब कशाला, आपल्या साताऱ्यात या. वाईजवळचं धोम, ऑगस्ट 2016. डॉक्टर म्हणून वावरणारा संतोष पोळ पकडला गेला. 2003 ते 2016 या काळात सहा खून केल्याचा आरोप. शेतघराच्या आवारातून मृतदेह उकरून काढले गेले. आठवड्याच्या आत तो 'डॉक्टर डेथ' झाला, आणि पुणे-सातारा पट्ट्यातल्या चहाच्या प्रत्येक टपरीवर सहाचा आकडा वाढू लागला. गावची कुणी बाई दहा वर्षांपूर्वी घर सोडून गेली होती? टाका धोमच्या खड्ड्यात. 2020 मध्ये झी मराठीवर 'देवमाणूस' सुरू झाली. ती याच प्रकरणावरून सुचल्याचं घरोघरी बोललं गेलं. तेव्हा खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. पण प्राइम टाइमला तारीख पडत नाही. प्रेक्षकांनी साक्षीपुरावा नोंदवला, गुन्हा सिद्ध केला आणि दुसऱ्या पर्वाची मागणी केली.

या सगळ्याला खतपाणी घालणारे आम्हीच, म्हणजे लिहिणारे. 'आरोपीने कबुली दिल्याचं सूत्रांकडून समजतं.' हे सूत्र म्हणजे मराठी पत्रकारितेतला सर्वांत भरवशाचा साक्षीदार. तो कधीच फितूर होत नाही, कारण तो कधी कोर्टातच येत नाही. मुंबईतल्या मालिका-खुनी रामन राघवच्या वेळी, 1968 मध्ये, निदान कल्पनाशक्ती तरी होती. त्याला बिचाऱ्याला घरच नव्हतं, त्यामुळे फ्रिज-कुकरची सोय नाही. मग मुंबईने तो मांजर होतो, पोपट होतो अशी आवई उठवली. त्या आवईला 'सूत्रांची माहिती' म्हणायची तरी पद्धत नव्हती.

आता आपल्या हार्बर लाइनच्या शेवटच्या गावात उतरू. पनवेल.

नवी मुंबई पोलिसांतल्या सहायक निरीक्षक अश्विनी बिद्रे 11 एप्रिल 2016 पासून दिसेनाशा झाल्या. हे प्रकरण मालिका-खुनाचं नाही, पण 'घरात काय सापडलं' या आपल्या लाडक्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं. संशय पोलीस अधिकारी अभय कुरुंदकर याच्यावर. घरचे लोक दाद मागत हिंडत होते, आणि मधल्या काळात, 2017 मध्ये, कुरुंदकरला राष्ट्रपती पदक जाहीर झालं. हो, हे खरं आहे. पदक कसं दिलं, असा जाब पुढे न्यायालयानेही विचारला. अटक झाली डिसेंबर 2017 मध्ये. मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये खून झाला, देह तुकडे करून खाडीत टाकला, असा सरकार पक्षाचा दावा. खाडीत शोध झाला. मृतदेह मिळाला नाही. आजतागायत नाही.

या प्रकरणात तर्कबाजीला केवढा वाव होता! पोलीसच आरोपी, फ्लॅट, खाडी, आणि देह गायब. डब्याने दोन-तीन वर्षं भरपूर वापर केला. मग खटला लांबला, साक्षीदारांची रांग लागली, मोबाईलची लोकेशनं, फोनकॉलचे तपशील, कोण कधी कुठे होतं याचे कागद, असा सगळा रटाळ मामला झाला आणि डबा दुसऱ्या फ्रिजकडे वळला. 5 एप्रिल 2025 रोजी पनवेलच्या सत्र न्यायालयाने त्या रटाळ कागदांवर कुरुंदकरला दोषी धरलं आणि 21 एप्रिलला जन्मठेप दिली. निठारीत हाडं होती, शिक्षा टिकली नाही. पनवेलला देह नव्हता, तरी गुन्हा सिद्ध झाला.

तर मंडळी, रंगतदार पुरावा चॅनेलवर चालतो, कंटाळवाणा पुरावा कोर्टात. आणि कंटाळवाण्या पुराव्याची सुरुवात जिथे होते, तिथे आपण गैरहजर असतो. त्याचं नाव पंचनामा.

झडतीला त्याच भागातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच लागतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 100, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 103. काल रात्री अकरापर्यंत ब्लीच आणि करवतीवर बोलणारी अख्खी विंग प्रतिष्ठित असते. सकाळी हवालदार बेल वाजवतो: 'साहेब, दोन पंच हवेत.' लगेच एकाची मीटिंग निघते, दुसऱ्याची शुगर वाढते, तिसरा भाडेकरू असतो, चौथ्याचे मालक दुबईला असतात आणि सेक्रेटरी म्हणतात, सोसायटीचा ठराव लागेल. शेवटी सही करतो नाक्यावरचा पानवाला किंवा पोलीस ठाण्याच्या ओळखीतला तो नेहमीचा पंच, ज्याच्या सह्या तालुक्यातल्या निम्म्या पंचनाम्यांवर असतात. कोर्टात बचावाचा वकील त्याला पाच मिनिटांत सोलतो. मग आरोपी सुटला की आपण म्हणतो, कायदा आंधळा आहे.

1 जुलै 2024 पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं आणि सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जायचं, असं नव्या संहितेत आलंय; तज्ज्ञांची फौज उभी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदतही आहे. चांगली गोष्ट आहे. पण सोसायटीतले तीस मोबाईल जिन्यातून पोलिसांच्या खांद्यावरून तेच चित्रीकरण करत असतील आणि जाता-येता दाराच्या कडीला, कठड्याला हात लावत असतील, तर तज्ज्ञाला तिथे ठसे कुणाचे मिळतील? बी विंगच्या काकांचे.

एक जास्तीची माहिती, काकांसाठीच. पोलिसांनी लेखी आदेश देऊन पंच म्हणून बोलावलं आणि सबळ कारण नसताना तुम्ही नकार दिलात, तर तो गुन्हा ठरतो. त्याच कलम 103 मध्ये लिहिलंय. तेव्हा पुढच्या वेळी हवालदाराने बेल वाजवली की दार उघडा, चप्पल घाला, सांगितलं तिथेच उभे राहा, कशालाही हात लावू नका, पंचनामा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि मगच तारीख-वेळ घालून सही करा. तीन वर्षांनी पनवेलहून समन्स आलं की जाही. लोकल थेट जाते.