टाळीची पावती

मुलुंडच्या ज्या गृहनिर्माण संस्थेचा मी गेली चार वर्षे खजिनदार आहे (माझी निवड बिनविरोध झाली, म्हणजे मी सभेला गैरहजर असताना झाली), तिच्या आवारात शारदीय नवरात्राच्या नऊही रात्री गरबा व्हावा, तो रहिवासी व त्यांचे आप्तेष्ट यांच्यापुरता असावा, आणि रात्रीला माणशी पन्नास रुपयांहून अधिक भार कोणावर पडू नये, असा ठराव गेल्या श्रावणात एकमताने मंजूर झाला तेव्हा, मोठ्या मैदानांवरचे हंगामी पास घेण्याची ऐपत नसलेल्या, आणि ती असल्याचे शेजाऱ्यांना भासवण्याचाही कंटाळा आलेल्या आम्हा मंडळींना एक सामाजिक प्रश्न कायमचा निकालात निघाल्याचे समाधान लाभले. ठरावाला सात मिनिटे लागली. पुढील दोन महिन्यांत त्या पन्नास रुपयांचे काय झाले, त्याची ही कैफियत.

वस्तुतः या नृत्याइतके निष्कांचन नृत्य शोधूनही सापडावयाचे नाही. मातीचा एक सच्छिद्र घट, त्यात तेवणारा दिवा, भोवती फेर, हाताला टाळी आणि गळ्याला गाणे, एवढ्या सामग्रीवर गुर्जर स्त्रियांनी पिढ्यान् पिढ्या देवी जागवली. आणि आमच्याकडचा भोंडला तर याहूनही काटकसरीचा, कारण पाटावर रेखलेला हत्ती मध्ये ठेवला की त्याला तेलही लागत नाही, आणि सारा खर्च खिरापतीचा, तोही झाकलेल्या डब्यात. युनेस्कोने २०२३ साली गुजरातचा गरबा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात दाखल केला. अमूर्त म्हणजे ज्याला आकार नाही ते, अशी माझी समजूत होती; ध्वनिक्षेपकवाल्याचे दरपत्रक हाती पडले आणि आकार दिसला, तो सहा आकडी होता.

दर उतरवण्याची मी तजवीज केली. दोन कर्णे कमी करू म्हटले, तर तरुण सभासदांनी, छातीत धडधडले नाही तर गरबा झाला असे वाटतच नाही, अशी हरकत घेतली. मी २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम वाचून दाखवले. निवासी विभागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा; दोन शेजारणी जिन्यात साधे बोलू लागल्या तरी आवाज साठाच्या घरात जातो, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने आमचा जिनाच बारमाही गुन्हेगार आहे. त्याच नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून फार तर पंधरा दिवस सरकारला ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते, पण त्या पंधरांतून गणपती, दिवाळी, नाताळ आणि वर्षअखेर यांचे हिस्से निघाले की नवरात्राच्या पदरात दोन-तीन रात्री उरतात.

आता आमच्या सभासदांची दिनचर्या पाहावी. साडेसातची लोकल पकडून मंडळी साडेआठला घरी येणार, जेवणार, घागरे-ओढण्यांची जुळवाजुळव करणार, आरशापुढे उभी राहणार, आणि साडेनऊला आवारात उतरणार. दहाला हवालदार. म्हणजे जे कर्णे आम्ही सायंकाळी सातपासून भाड्याने घेतले, ते अडीच तास रिकाम्या खुर्च्यांना भक्तिगीते ऐकवणार आणि माणसांच्या वाट्याला अर्धा तास येणार. मिनिटामागे दर काय पडतो, याचे गणित मी मांडले होते. अध्यक्षांनी ते इतिवृत्तातून वगळावयास लावले.

पुढे गाण्यांचा प्रश्न निघाला. दुसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणाले की, १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम ५२ प्रमाणे निखळ धार्मिक विधीत वाजवलेल्या गाण्याला परवाना लागत नाही. लग्नाच्या वरातीलाही कायद्याने हीच माफी दिली आहे. तेव्हा प्रारंभी आरती करावी, म्हणजे पुढचे सारे विधीतच जमा होईल. परंतु तरुणांना हव्या होत्या चित्रपटांतल्या चाली, आणि त्या ठेक्यावर पडलेले पाऊल निखळ धार्मिक आहे की केवळ निखळले आहे, यावर वकिलांनीही लेखी मत देण्यास नकार दिला. श्रद्धेच्या निखळपणाला दुसरी बाधा प्रायोजकाची. शेजारच्या भूखंडावर बावीस मजले उभारणाऱ्या एका बांधकाम व्यावसायिकाने खर्चाचा निम्मा भार उचलला, तेव्हा त्याचा फलक एवढा प्रशस्त आला की देवीची तसबीर दिसावी म्हणून तिला पाटावर पाट रचून उंच करावे लागले. आरती नेमकी कोणाकडे तोंड करून चालली आहे, हे मागच्या रांगेला शेवटपर्यंत कळले नाही.

एक गोष्ट मात्र सरकारच्या पदरी न्यायाने घातली पाहिजे. नृत्याच्या कार्यक्रमाला पाचशे रुपयांपर्यंतच्या प्रवेशशुल्कावर वस्तू व सेवा कर नाही. जे पन्नास रुपये सरकारने सोडले, ते आमच्या सभासदांनी मात्र सोडले नाहीत. मानाचे पास कोणाला द्यावेत यासाठी नेमलेल्या उपसमितीने प्रथम स्वतःला दिले; मग नगरसेवक, नळदुरुस्तीवाला, ज्याने वीजजोडणी फुकट दिली तो आणि जो ती तोडू शकतो तो, अशी यादी वाढत गेली, आणि 'एका वर्तमानपत्राचे स्तंभलेखक' म्हणून तीत माझेही नाव होते. मी खजिनदार या नात्याने हरकत नोंदवली आणि स्तंभलेखक या नात्याने पास घेतला. तिकिटे विकली गेली ती प्रामुख्याने ज्यांना समितीत कोणी ओळखत नव्हते त्यांना, म्हणजे ज्यांच्याशी ओळख व्हावी म्हणून हा सारा खटाटोप होता त्यांना.

षष्ठीच्या रात्री दहाला हवालदार आले आणि मोठ्या अदबीने त्यांनी वाद्यवृंद बंद करविला. खालच्या घरातल्या दोघी बहिणी तेवढ्यात सजून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. पाचव्या मजल्यावरच्या काकींना हे बघवेना. त्यांनी कचराकुंडीपाशी एक दिवा ठेवला आणि गायला सुरुवात केली, टाळी दिली. चार बायका मिळाल्या, मग दहा. आमच्या मातोश्रींना गुजराती पदे येत नव्हती, म्हणून मधल्या विसाव्यात त्यांनी भोंडल्यातले एक गाणे लावले, आणि काकींनी त्यावर बिनदिक्कत फेर धरला. मीही शिरलो, माझी टाळी सातत्याने अर्ध्या मात्रेने उशिरा पडत होती, पण शेजारच्या अनोळखी गृहस्थांचीही तशीच पडत असल्याने आमचा एक स्वतंत्र ताल जमला. साडेदहाला दिव्यातले तेल संपले.

दुसऱ्याच दिवशी तातडीची सभा भरली. हा 'पारंपरिक सत्राचा' प्रयोग नवमीस अधिकृतपणे व्हावा, काकींना बिनतारी ध्वनिग्राहक मिळावा, उत्कृष्ट टाळीस चषक द्यावा आणि दिव्यासाठी प्रायोजक पाहावा, असे चार ठराव झाले. नवमीला मध्यरात्रीपर्यंत मुभा होती, पण ध्वनिग्राहक शिट्ट्या मारू लागल्यामुळे काकी दोन ओळी गाऊन खाली उतरल्या आणि चषक अध्यक्षांच्या पुतणीला मिळाला.

हिशेब गेल्या महिन्यात तपासून झाला. तूट सभासदांच्या दुरुस्ती निधीतून भरावी लागली, त्यावर लेखापरीक्षकांचा काहीच आक्षेप नाही. शेरा एकच आहे: 'षष्ठीस रात्री दहा ते साडेदहा नृत्य झाल्याची नोंद इतिवृत्तात आढळते, खर्च निरंक, पावती जोडलेली नाही, खुलासा व्हावा.' पावतीवर सही करावयास काकी राजी आहेत. रक्कम किती लिहू, एवढेच त्या विचारतात.